नेम आणि शिस्त : शिकारीच्या सरावाचा इतिहास

मराठीत दोन शब्द असे आहेत की, ते आपल्या तोंडी रोज असतात आणि त्यांच्या मुळाची चौकशी आपण क्वचितच करतो. एक शब्द ‘नेम’ व दुसरा ‘शिस्त’. घरात आजी एकादशीचा नेम पाळते आणि बाहेर नातू चिंचेच्या आकड्यावर दगडाचा नेम धरतो. शब्द एकच, कामे दोन. ‘शिस्ती’चेही तसेच आहे. शाळेतील मास्तर मुलांना शिस्त लावतात, हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा. परंतु शब्दकोश उघडून पाहिला तर तेथे ‘रोख, नेम’ असाही अर्थ सापडतो, आणि ‘शिस्त धरणे’ म्हणजे हत्यार लक्ष्यावर रोखणे असा खुलासा मिळतो. पहिला शब्द संस्कृतातील ‘नियमा’पासून आला, दुसरा फार्सीतून आला. दोघांची घराणी निराळी, मुलूख निराळे. तरीही मराठीत येऊन दोघांनीही तेच केले : एका हाताने लक्ष्य दाखविले, दुसऱ्या हाताने आचाराचा नियम दाखविला.

हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्या समाजात बाण सोडण्यापूर्वी पुष्कळ दिवस स्वतःला वळण लावावे लागत असे, त्या समाजाच्या भाषेत नेम आणि नियम शेजारी येऊन बसले, तर त्यात नवल ते काय? धनुष्याने शिकार करावयाची तर हंगामाच्या आधी सराव करावा लागतो. त्या सरावाचा इतिहास हाच आजचा विषय. हा इतिहास राजवाड्यापासून रानापर्यंत पसरलेला आहे. आणि ज्यांनी तो सराव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांचे पुढे आपण काय केले, हा प्रश्नही त्यातच दडलेला आहे.

प्रथम आपल्याच परिसराकडे पाहू. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी आपली माकणी आहे. आज बाहेरच्या माणसाला हे नाव निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे ठाऊक असते. याच नदीने वर गेले की तेर लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या तगर नगराचे नाव येते, ते हेच. आणि दुसऱ्या अंगाला उमरग्याच्या पलीकडे, आजच्या कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात कल्याणी आहे. सध्या तिला बसवकल्याण म्हणतात. ही चालुक्यांची राजधानी. तेथून राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ मध्ये, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही नोंद ज्यात सापडते तोच हा ग्रंथ.

मानसोल्लासाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकात वीस अध्याय आहेत. राजाने मन कसे रमवावे हे सांगणारा एक स्वतंत्र भाग त्यात आहे. त्याचा आरंभ शस्त्रविनोदाने होतो. सभेपुढे राजाने आपले शस्त्रकौशल्य दाखवावे, त्यात धनुर्विद्याही असावी, असा त्याचा आशय. त्याच भागात पुढे मृगयेचा अध्याय येतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माणसांपुढे, मोकळ्या जागेत, निर्जीव लक्ष्यावर हात सिद्ध करावयाचा; रान आणि जिवंत जनावर त्यानंतर.

मृगयेच्या अध्यायात हरणाच्या शिकारीचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. पाणवठ्यावर दडून बसणे, शिकविलेल्या पाळीव हरणाची भूल घालून रानटी हरणांना जवळ आणणे, चित्त्याकरवी शिकार करणे, असे ते प्रकार. इतक्या युक्त्या कशासाठी लागल्या? ज्याने आपल्या भागातील माळ पाहिला आहे त्याला उत्तर सांगावे लागत नाही. येथे दाट जंगल नाही. काळी जमीन, मुरमाड टेकाडे, कुसळी गवत, मधूनच बाभळीचे झाड. अशा उघड्या माळावर काळविटाचा कळप माणसाला फार दुरून पाहतो आणि क्षणात पळत सुटतो. बांबूच्या साध्या धनुष्याची खात्रीची मार तीसचाळीस पावलांची. तेव्हा शिकाऱ्यापुढे दोनच वाटा होत्या. दुरून अंदाजाने बाण टाकावा आणि जनावर जखमी करून गमवावे. किंवा तीसचाळीस पावलांत पोचण्याची विद्या शिकावी आणि तेथे पोचल्यावर एकच बाण, पण अचूक सोडावा. पहिली वाट आळशाची, दुसरी सरावाची.

युद्धातील तिरंदाजी आणि शिकारीतील तिरंदाजी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. रणांगणावर शेकडो धनुर्धर एकदम बाण सोडतात. एकाचा चुकला तर दुसऱ्याचा लागतो. शिकाऱ्याला ही सवलत नाही. त्याचा पहिला बाण चुकला की दुसऱ्याची वेळ येतच नाही. आणि बाण भलत्या जागी लागला, तर जनावर रक्त गाळीत दूर जाते व झुडपात तडफडून मरते. मांसही हाती येत नाही आणि पाप मात्र पदरी पडते. म्हणून हंगामापूर्वीच्या सरावाला शिकाऱ्याच्या आयुष्यात जे स्थान आहे ते सैनिकाच्या कवायतीपेक्षाही वरचे आहे.

हा सराव कसा करावयाचा, याविषयी आपल्या जुन्या ग्रंथांत बारकाईने लिहिलेले आहे. अग्निपुराणात धनुर्वेदाचे अध्याय आहेत. त्यांत बाणाच्या आधी पायांचा विचार केला आहे. दोन्ही पाय जुळवून उभे राहणे ते समपद. पायांत अंतर ठेवून उभे राहण्याचे वैशाख व मंडल असे प्रकार. एक पाय पुढे टाकून वाकविणे व दुसरा मागे ताणणे ते आलीढ, आणि त्याच्या उलट प्रत्यालीढ. नवशिक्याला वाटते की, तिरंदाजी हाताची आहे. ती प्रथम पायांची आहे. पाऊल दर वेळी निराळे पडले तर खांदा निराळा फिरतो, आणि खांदा फिरला की बाण फिरतो. आजचा कोणताही प्रशिक्षक मैदानावर पहिल्या दिवशी हेच सांगतो.

वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात लक्ष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : स्थिर, चल, चलाचल आणि द्वयचल. धनुर्धर व लक्ष्य दोन्ही जागच्या जागी, हा पहिला पाठ. धनुर्धर उभा आणि लक्ष्य हलते, हा दुसरा. लक्ष्य स्थिर आणि धनुर्धर हलता, हा तिसरा. दोन्ही हलती, हा शेवटचा आणि सर्वांत अवघड. पायरी सोडून वर उडी मारण्याची यात सोय नाही.

साधनांचीही तीच काटेकोर चिकित्सा होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्ये कशाची असावीत ते सांगितले आहे : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. प्रत्यंचेसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू अशी यादी दिली आहे. यातील अर्क म्हणजे आपल्या पडीक माळावर वाटेल तेथे उगवणारी रुई, शण म्हणजे ताग, वेणु म्हणजे बांबू. बांबूची दोरी कशी होईल, अशी शंका शहरातील माणसाला येईल. सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्याकडे पाहिले की शंकेचे निरसन होते. बांबूची पातळ, चिवट चीप काढून तीच ते दोरी म्हणून चढवितात. कौटिल्याच्या यादीतील वस्तू भिल्लाच्या हातात टिकून राहिली. संस्कृतात प्रत्यंचेला ‘गुण’ असेही म्हणतात, हे येथे सहज आठवते. दोरी ताणलेली असेल तर धनुष्याला गुण आहे, नाही तर ती नुसती काठी.

परंतु ग्रंथांनी आणि कथांनी हाताच्या कौशल्याइतकाच दुसऱ्या एका गोष्टीवर भर दिला आहे. ती म्हणजे बाण न सोडण्याची शक्ती. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. झाडाच्या शेंड्यावर पक्षी ठेवला होता. तो जिवंत पक्षी नव्हता, कारागिरांकडून करवून घेतलेला होता, ही गोष्ट मात्र कथा सांगणारे पुष्कळदा विसरतात. म्हणजे ते सरावाचे लक्ष्य होते. द्रोणांनी एकेकाला पुढे बोलावले, धनुष्य ताणावयास लावले आणि विचारले, काय दिसते? ज्यांना झाड, भाऊ, गुरू असे सर्व काही दिसले त्यांना बाण सोडू न देताच बाजूला केले. त्या परीक्षेत अर्जुनाखेरीज सर्वांना मिळालेला धडा एकच होता : अजून सोडू नका.

हा धडा विसरला तर काय होते, तेही आपल्या महाकाव्यांनीच दाखविले आहे. दशरथ शब्दवेधी होता. ध्वनीच्या अनुरोधाने न पाहता बाण मारण्याचा सराव त्याने केला होता. शरयूच्या काठी अंधारात घागर भरण्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितो आहे असे त्याला वाटले, आणि श्रावणाचा प्राण गेला. कौशल्यात उणीव नव्हती. बाण ध्वनीवर अचूक लागला होता. उणीव होती ती पाहण्याची. महाभारताच्या शेवटीही जरा नावाच्या व्याधाने झाडीत पहुडलेल्या श्रीकृष्णाला हरीण समजून बाण मारला. रामायणाच्या मुळाशी आणि कृष्णचरित्राच्या अंती, दोन्ही ठिकाणी न पाहता सोडलेला शिकारीचा बाण आहे. नेम असूनही नियम सुटला, एवढाच त्याचा अर्थ. आज ज्या देशांत धनुष्याने शिकार करण्याची परवानगी आहे, तेथील शिकाऱ्यांना शिकविला जाणारा पहिला नियमही हाच आहे की, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री झाल्यावाचून दोरी सोडू नये.

आता दुसऱ्या शब्दाकडे, म्हणजे शिस्तीकडे वळू. फार्सीत ‘शस्त’ म्हणजे आंगठा. इराणी व तुर्की तिरंदाज दोरी बोटांनी न ओढता आंगठ्याने ओढीत. दोरीने आंगठा कापू नये म्हणून त्यात शिंगाचे, हाडाचे किंवा दगडाचे कडे घालीत. त्या कड्यालाही शस्तच म्हणत; आणि कडे दोरीला अडकवून रोख धरावयाचा, म्हणून रोखालाही शस्त म्हणू लागले. आपल्याकडेही हाताला जपण्याची साधने होती. महाभारतातील योद्धे गोधा, म्हणजे घोरपडीच्या कातड्याचे आवरण, आणि अंगुलित्राण बांधतात. पुढे दख्खनमध्ये बहमनी, निजामशाही व आदिलशाही राजवटी आल्या. परांडा आणि नळदुर्ग हे आपल्या जिल्ह्यातील किल्ले त्या काळाचे साक्षी आहेत. त्या राजवटींबरोबर तीर, कमान, तिरंदाज, निशाण हे शब्द मराठीत आले, आणि शिस्तही आली. आंगठ्यापासून कड्यापर्यंत, कड्यापासून रोखापर्यंत आणि रोखापासून वळणापर्यंत असा तिचा प्रवास झाला.

याच प्रवासात आणखी एक शब्द आला, त्याला मात्र आपण फार हिणविले. ‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ असे आपण थट्टेने म्हणतो. तुक्का म्हणजे टोक नसलेला, बोथट बाण. तो सरावासाठी वापरावयाचा. बोथट बाण टोकदार बाणाइतका घातक नसतो, तो लक्ष्यात रुतून मोडत नाही, आणि शंभरदा सोडून पुन्हा भात्यात ठेवता येतो. ज्याच्या जोरावर तीर लागावयाचा तो हा तुक्काच. विद्यार्थ्याच्या कच्च्या वहीला नावे ठेवावीत तसे आपण त्याला नावे ठेवली.

मराठ्यांच्या लष्करात बंदूक रुळल्यानंतरही धनुष्य एकदम गेले नाही. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या पायदळाविषयी एक नोंद आहे. दर दहा माणसांमागे एकाजवळ बंदुकीऐवजी तीरकमान असे, आणि रात्रीच्या छाप्यात तिचा उपयोग होत असे. कारण उघड आहे. तोड्याच्या बंदुकीची पेटती वात अंधारात दिसते आणि तिचा आवाज मुलूखभर जातो. धनुष्य दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ज्या गुणांमुळे ते हरणाच्या शिकारीत उपयोगी पडे, त्याच गुणांमुळे ते गनिमी काव्यात टिकले.

पुढे बंदूक स्वस्त व वेगवान झाली, आणि धनुष्य दरबारातून व लष्करातून बाहेर पडून ज्यांच्याकडे बंदूक नव्हती त्यांच्याकडेच राहिले. सातपुड्यात भिल्ल, ठाणे जिल्ह्यात वारली आणि कातकरी, यांच्या घरी ते कुडाला टांगलेले असे. माळावरच्या पारध्यांनी फास आणि जाळी यांची विद्या वाढविली; फासेपारधी हे नावच त्यावरून पडले. शिकविलेल्या गाईबैलाच्या आडोशाने हरणांच्या जवळ सरकण्याची युक्ती पारध्यांना अवगत होती. मानसोल्लासातील पाळीव हरणाची भूल आणि ही गाईबैलांची आड, यांचे कूळ एकच. राजाच्या ग्रंथातील विद्या राजवाडे पडल्यावर पालावर शिल्लक राहिली. मूलही खेळता खेळता त्या विद्येत वाढे. भिल्लाचा पोरगा चालू लागला की त्याच्या हाती लहान कामठा येई, आणि शिकारीचा हंगाम येण्याच्या आधी बांधावरच्या ढेकळावर व निवडुंगावर त्याचे शेकडो बाण पडून गेलेले असत. त्याला कोणी शिस्त शिकविली नव्हती. ती त्याच्या जगण्याची अट होती.

या माणसांशी राज्यकर्ते कसे वागले? १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेशातील भिल्लांशी इंग्रजांच्या लढाया चालू झाल्या. त्या केवळ बळाने संपेनात, तेव्हा १८२५ मध्ये आउट्रॅम याने भिल्लांचीच एक पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. धनुर्धरांच्या हातात बंदुका दिल्या आणि रानातील सराव कवायतीला जोडला. हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवावा, असे हे अजब शास्त्र होते. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. आपल्या शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली, आणि तेथे ज्या जमातींना कोंडले त्यांत पारधीही होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. कागदावरचा शिक्का पुसला गेला. गावाच्या नजरेतला शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही. कोठे चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, हे आपण सर्वच जाणतो.

येथे एकलव्याची आठवण अपरिहार्य आहे. हिरण्यधनू या निषादराजाचा हा मुलगा. द्रोणांनी शिष्य म्हणून स्वीकारले नाही, तेव्हा त्याने मातीची मूर्ती करून रानात एकट्याने सराव केला. पांडव शिकारीला गेले असता त्यांच्या कुत्र्याचे तोंड त्याने सात बाणांनी, त्याला न मारता, बंद केले. इतका संयम त्याच्या हातात होता. आणि त्याच्याकडून दक्षिणा मागितली ती उजव्या हाताच्या आंगठ्याची. त्यानंतरही तो उरलेल्या बोटांनी बाण सोडीत राहिला, परंतु पहिली चपळाई राहिली नाही, असे महाभारत सांगते. फार्सीत शस्त म्हणजे आंगठा, हे आपण आताच पाहिले. ज्या शिस्तीचा आपण गौरव करतो, त्या शब्दाच्या मुळाशी आंगठा आहे. आणि आपल्या परंपरेतील सर्वांत शिस्तबद्ध धनुर्धराचा आंगठाच आपण कापून घेतला.

असा व्यवहार केवळ आपल्याच देशात झाला असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील याही जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली. तिच्यातील अखेरचा पुरुष १९११ मध्ये ओरोव्हिल या गावाजवळ उपाशी स्थितीत सापडला. त्याला लोक ‘इशी’ म्हणत. त्या जमातीच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’ असा आहे. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवले. तेथे सॅक्स्टन पोप नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच्याकडून धनुष्य घडविणे आणि त्याने शिकार करणे शिकून घेतले. इशी शिकारीची तयारी कशी करी, ते पोपने लिहून ठेवले आहे. आदल्या दिवशी तो मासे खात नसे व तंबाखू ओढत नसे, कारण त्यांचा वास जनावराला दुरून येतो. पहाटे उठून ओढ्यात स्नान करी, सुगंधी पाला अंगाला चोळी, चूळ भरून पाणी पिई आणि उपाशीपोटी निघे. आपल्याकडे याला काय म्हणाल? हे तर व्रत झाले. नेम धरण्यापूर्वी नेम पाळावयाचा, हे आपली भाषा सांगते. ते इशी सात समुद्रांपलीकडे आचरीत होता.

१९१६ मध्ये इशी क्षयाने वारला. पोपचे धनुष्याच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये निघाले आणि त्यातून अमेरिकेत या छंदाची लाट आली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम ठरविला. पुढे इतर राज्यांनी तोच कित्ता गिरविला. आज तेथील हजारो लोक उन्हाळाभर अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारून शरदातील हंगामाची तयारी करतात. १९६१ मध्ये या शिकाऱ्यांची एक मोठी संस्था निघाली, तिला नाव दिले ते पोप आणि त्याचा मित्र यंग यांचे. ज्याच्यापासून विद्या घेतली त्या इशीचे नाव तिच्या पाटीवर आले नाही. एकलव्याची कथा इंग्रजी भाषेतही घडू शकते, इतकाच बोध यातून घ्यावयाचा.

आपल्या देशात आज असा हंगाम नाही आणि तो नसावा, हेच योग्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटासारख्या प्राण्यांची शिकार बंद केली. माळ नांगरले गेले, गवत आटले, माणसे वाढली. अशा वेळी उरलेल्या कळपांवर बाण रोखण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये, मग तो राजा असो की पारधी. परंतु कायदा करताना एक हिशेब राहून गेला. राजाचा छंद गेला, त्याचे राजवाड्यात दुसरे छंद होते. पारध्याचा धंदा गेला, त्याच्या पालात दुसरे काही नव्हते. ज्या माणसाला वाऱ्याची दिशा, पावलांचा ठसा आणि श्वास रोखून तासन्‌तास बसणे येते, त्याच्या या ज्ञानाला समाजाने काय मोल दिले?

योगायोग असा की, त्याच १९७२ साली म्युनिक येथे ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी पुन्हा सुरू झाली. १९२० नंतर ती तेथे नव्हती. एक दार बंद झाले त्याच वर्षी दुसरे उघडले. त्या दारातून कोण आत जाऊ शकतो, याचे उदाहरण राजस्थानातील लिंबाराम यांनी घातले. आदिवासी घरात जन्मलेला हा मुलगा बांबूच्या धनुष्याने रानात पक्षी टिपीत असे. १९८७ मध्ये क्रीडा प्राधिकरणाने दुर्गम भागांतून गुणी मुले शोधण्यासाठी चाचण्या घेतल्या, त्यांत तो निवडला गेला. पुढच्याच वर्षी तो ऑलिंपिकमध्ये उभा होता, आणि १९९२ मध्ये त्याने बीजिंग येथे जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. निवडीपूर्वीचा त्याचा सगळा सराव शिकाऱ्याचा होता. त्याला मैदान मिळाले, एवढाच फरक.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडू शकते, याची साक्ष ताजी आहे. फलटण तालुक्यातील सरडे या गावी मजुरी करणाऱ्या कुटुंबातील प्रवीण जाधव यांना गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने हेरले, आणि ते २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याच्या अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेत्या झाल्या. अंतिम सामन्यात त्यांना १५० पैकी १४९ गुण मिळाले. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे यांनी पुरुषांचे जगज्जेतेपद १५० पैकी १५० गुण मिळवून जिंकले. पन्नास मीटरांवरून आठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण! दोघांचाही सराव साताऱ्याच्या मैदानावर झाला. द्रोणांचा कृत्रिम पक्षी आता कागदी वर्तुळ झाला आहे, आणि त्यावर बाण मारण्यासाठी कोणत्याही प्राण्याचा जीव जावा लागत नाही.

तेव्हा या इतिहासाचे तात्पर्य काय? नेम आणि शिस्त हे दोन शब्द आपण शाळेच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरांत लिहितो. ते आपल्याला ज्यांच्या हातांनी दिले, त्या व्याधांची, भिल्लांची, पारध्यांची मुले पुष्कळदा त्याच शाळेच्या भिंतीबाहेर असतात. तेरणेच्या दोन्ही काठांवर शाळा आहेत आणि शाळांना मैदाने आहेत. तिरंदाजीला लागणारी जागा खोखोच्या अंगणाहून थोडी अधिक. मागे मातीचा उंच बांध घालावा लागतो, पुढे कोणी येऊ नये अशी दोरी बांधावी लागते, आणि पहिले वर्षभर बांबूचे धनुष्य पुरते. खर्चाची बाब मोठी नाही. मोठी बाब आहे ती आपल्या नजरेची. पालावरचे मूल शाळेच्या फाटकाशी आले तर आपण त्याला चोराचे पोर म्हणून हाकलणार, की तुझ्या आजाला काय येत होते ते आम्हांला दाखव असे म्हणणार?

सोमेश्वराने मृगयेवर अध्याय लिहिला तेव्हा त्याला रानातील माहिती पुरविणारे कोणी व्याध असलेच पाहिजेत. राजा स्वतः रात्रभर पाणवठ्यावर बसून ती गोळा करीत नसतो. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. नऊशे वर्षांपूर्वीची ती उणीव आपण भरून काढू शकत नाही. परंतु यापुढे जो नवा ग्रंथ लिहिला जाईल, तो क्रीडास्पर्धेच्या निकालपत्राच्या रूपाने का होईना, त्यात या घरांतील मुलामुलींची नावे यावीत, इतके आपल्या हाती आहे. माकणी, लोहारा, उमरगा येथील शिक्षकांनी आणि पालकांनी ही गोष्ट मनावर घेतली, तर आपण मुलांना जी शिस्त शिकवितो, तिचे थोडे तरी ऋण फिटेल.